१०४०० च्या पुढं एफ नव्हता

बेळगावात शहापूरला माझं कॉम्प्युटर रिपेअरीचं दुकान आहे. मे महिना म्हणजे आमच्याकडं लग्नाचा सीझन, आणि फोटो-व्हिडिओवाल्यांचे सीपीयू नेमके तेव्हाच बसतात, रात्रंदिवस चालू असतात, काय करणार. गेल्या मेमधली गोष्ट. सकाळी शटर उघडायला गेलो तर खानापूरकडचा एक पोरगा पायरीवर बसलेला, मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू. "मामा, मदरबोर्ड गेलाय म्हणतात," एवढंच बोलला आणि गप्प झाला.

झालं असं होतं की लग्नाची फिल्म एडिट करता करता स्क्रीनवर रंगीत रेघा आल्या आणि मग सगळंच काळं. एका ठिकाणी दाखवला, त्यांनी ग्राफिक्स कार्ड (स्क्रीनवर चित्र दाखवणारं वेगळं कार्ड) काढलं, मॉनिटरची केबल खाली बोर्डाच्या एचडीएमआयला लावली, डिस्प्ले नाही, म्हणून सांगितलं बोर्ड आणि प्रोसेसर दोन्ही बदला. पोरग्याकडं तेवढे पैसे नव्हते आणि बैलहोंगलच्या पार्टीला फिल्म उद्याच द्यायची होती. माझ्यासमोरच त्यांचा फोन आला, हा उभा राहून कन्नडमध्ये "नाळे कोडतेन्री, नाळे", उद्या देतो हो, उद्या, म्हणत होता आणि हात थरथरत होता, ते बघून मी आधी त्याला चहा सांगितला.

कार्ड जीटीएक्स १६५०. त्याच्या पंख्यात तांबडी माती अशी बसलेली की बोटानं फिरवला तरी अडकत होता. कार्ड लावूनच चालू केलं, स्क्रीन काळीच, पण कीबोर्डवर नम लॉक दाबला तर लाइट लागते, परत दाबला तर जाते. बोर्ड मेला असता तर हे झालं नसतं. म्हणजे मशीन आत चालू आहे, फक्त दाखवत नाही.

आता प्रश्न एकच, कार्ड काढल्यावर खालच्या पोर्टवर डिस्प्ले का येत नाही. याची दोन कारणं असू शकतात. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरापुढं एफ असतो त्यात इंटिग्रेटेड ग्राफिक्स, म्हणजे प्रोसेसरच्या आतलंच चित्र दाखवायचं काम, चालतच नाही, मग बोर्डावर एचडीएमआय असून काही उपयोग नाही, तो पोर्ट कायम मुकाच. नाहीतर बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, ते बंद केलेलं असणार. पोरग्याला एवढंच माहीत, आय फाइव्ह आहे. बॉक्स नाही, बिल नाही. मग प्रोसेसरवरच्या कूलरच्या चार पिना फिरवून वर काढला, मधली उष्णता ओढायची पेस्ट वाळून खडूसारखी झालेली, स्पिरिट लावलेल्या फडक्यानं हळूहळू पुसत गेलो, पोरगा माझ्या खांद्यावरनं वाकून बघतोय, आणि अक्षरं दिसायला लागली, १०४००, आणि पुढं मोकळी जागा. एफ नाही! खरं सांगतो, मला घरचं काम झाल्यासारखा आनंद झाला. साधा १०४०० म्हणजे आत यूएचडी ६३० हे इंटिग्रेटेड ग्राफिक्स आहेच.

तेव्हा पोरग्याला आठवलं, कार्ड घेतलं तेव्हा मित्रानं सांगितलं होतं की इंटर्नल, म्हणजे हेच इंटिग्रेटेड, बंद कर, स्पीड वाढतो, आणि ह्यानं बायोसमध्ये जाऊन डिसेबल केलं होतं. डेस्कटॉपला असं काही नसतं बाबा, ज्या पोर्टला केबल त्याच्यावर स्क्रीन चालते, इंटर्नल बंद करून स्पीड येत नाही आणि कार्ड गेलं की असं अंधारात बसायला लागतं.

नवी पेस्ट लावली, कूलर बसवला, कार्ड बाजूला ठेवलं, वायर काढून बोर्डावरचा सीआर २०३२ सेल दहा मिनिटं बाहेर ठेवला म्हणजे बायोस मूळ सेटिंगवर येतं, परत बसवून केबल खालच्या पोर्टला लावली. डिस्प्ले आला! पोरगा खालीच बसला.

पण काम अजून बाकी होतं. इंटिग्रेटेडला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच घेतं, आणि ह्याच्यात रॅमची एकच सोळा जीबीची स्टिक. दुसऱ्या स्लॉटमध्ये माझ्याकडची आठची लावून दिली, दोन स्टिक असल्या की इंटिग्रेटेडला लई फरक पडतो. टाइमलाइन तरी अडखळतच होती, म्हणून क्लिपांच्या हलक्या प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या कमी क्वालिटीच्या कॉप्या, करून घ्यायला लावल्या आणि एक्स्पोर्ट इंटेलच्या क्विक सिंकवर, म्हणजे इंटिग्रेटेडमधल्याच व्हिडिओ बनवायच्या सोयीवर, टाकला. माझ्याच टेबलावर बसून त्यानं ते संपवलं, रात्री साडेदहाला पेनड्राइव्ह खिशात घालून गेला, मी तोपर्यंत दुकान बंद केलं नाही.

पंखा साफ करूनही त्या कार्डाच्या रेघा काही गेल्या नाहीत, ते संपलंच होतं. पावसाळ्यात नवीन कार्ड घेऊन आला तेव्हा बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी मॉनिटर ही सेटिंग चालू करून कार्ड आणि इंटिग्रेटेड दोन्ही चालू ठेवली. मॉनिटर कार्डाला, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्समध्ये जाऊन एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला हाय परफॉर्मन्स लावलं.

साइड पॅनल बसवायच्या आधी आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं: प्रोसेसर १०४००, एफ नाही, खालचा पोर्ट चालतो. तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक सीपीयूच्या पॅनलवर मी त्याचा प्रोसेसर कुठला, एफ आहे की नाही हे लिहितोच.