दोन डॉक्टरांच्या मधे गेलेले अकरा महिने

मी ४७ वर्षांची होते. बायपोलरचं, म्हणजे मन कधी अतिउत्साहात तर कधी खोल उदासीत जाणाऱ्या आजाराचं, निदान होऊन १९ वर्षं झाली होती, त्यातली १६ लिथियम या मन स्थिर ठेवणाऱ्या औषधावर. शेवटची काही वर्षं तर इतकी शांत गेली की घरात कुणी आजाराचं नावही काढत नसे. मग पाळी मागेपुढे व्हायला लागली आणि पहाटे तीनला घामाने भिजून जाग येऊ लागली. उशीचा अभ्रा पिळला तर पाणी निघेल असा ओला. तो बदलायचा, कूस बदलायची आणि उजाडेपर्यंत टक्क जागं राहायचं.

बायपोलर असलेल्या माणसाला झोप उडाली की धडकी भरते. सलग दोन-तीन रात्री जागरण झालं, तर मेनिया, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, सुरू व्हायला तेवढं पुरतं. मला मात्र उलटाच अनुभव येत होता. दिवसा कारण नसताना रडू यायचं, दात घासायचाही कंटाळा यायचा आणि मुलीने साधं काही विचारलं तरी मी खेकसायचे.

माझ्या मानसोपचारतज्ज्ञांनी आधी रक्तातली लिथियमची पातळी आणि थायरॉईड तपासून घेतलं. लिथियममुळे थायरॉईड मंदावू शकतं आणि त्याचा थकवा, उदासी अगदी अशीच दिसते. दोन्ही रिपोर्ट ठीक आले. "हे हार्मोन्सचं दिसतंय, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा," ते म्हणाले. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

पुढचं आठवलं की अजून राग येतो.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एक फॉर्म भरायचा होता. चालू औषधांच्या रकान्यात मी लिथियम लिहिलं. बाई पेन टेकवत एकेक ओळ वाचत होत्या, पाळी कधी आली, रक्तदाब किती, असं विचारत होत्या. त्या शब्दापाशी पेन थांबलं. त्यानंतर त्यांनी गरम वाफांबद्दल, म्हणजे अचानक अंग तापून घाम फुटण्याबद्दल, एकही प्रश्न विचारला नाही. "या आजारात असं होतंच. आधी तुमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोला." मी म्हटलं, त्यांनीच पाठवलंय. "मग त्यांना गोळ्या वाढवून द्यायला सांगा."

परत इकडे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणाले, पातळी योग्य आहे, वाढवायचं कारणच नाही. पुन्हा स्त्रीरोगतज्ज्ञांकडे. दुसऱ्या खेपेला त्यांनी एफएसएच (पाळी जाताना वाढणारं एक हार्मोन) तपासलं, ते नॉर्मल आलं आणि मला सांगण्यात आलं की तुमची पाळी जातच नाहीये, हे सगळं मनाचं आहे. त्या दिवशी मी जिन्यातच बसून रडले. १९ वर्षं स्वतःचं मन ओळखायला शिकलेय मी. माझं डिप्रेशन घामाने भिजून येत नाही, हे मला माहीत होतं, पण ते ऐकून कोण घेणार? नंतर कळलं की पंचेचाळिशीनंतर पाळी जायला लागल्याचं निदान पाळीतले बदल आणि त्रास यांवरूनच करतात. या काळात एफएसएच सारखं वरखाली होतं, त्यामुळे एका नॉर्मल रिपोर्टवरून काहीच ठरत नाही.

तिसऱ्या खेपेला गरम वाफांसाठी म्हणून व्हेनलाफॅक्सिन लिहून मिळालं. ही गोळी मुळात डिप्रेशनची आहे. वाफा कमी करायलाही ती देतात आणि अनेकींना गुण येतो. पण बायपोलर असलेल्यांना तिने मेनियाकडे ढकललं जाऊ शकतं. निदान व्हायच्या आधी मला अशाच एका गोळीने तसं झालं होतं. मी चिठ्ठी पर्समध्ये ठेवली आणि गोळी न घेता मानसोपचारतज्ज्ञांना फोन केला. त्यांनी लगेच नको म्हणून सांगितलं. तुम्हाला असा आजार असेल तर दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक नवी गोळी आधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, मग ती साधी अंगदुखीची का असेना. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांनी लिथियमची पातळी वाढते. खूप घाम येऊन पाणी कमी पडलं तरी वाढते, म्हणून रात्री उशाशी बाटली हवीच.

शेवटी मार्ग निघाला तो एका वहीने. तीन महिने मी रोज चारच गोष्टी लिहिल्या: पाळीची तारीख, रात्री किती वेळा घाम, किती तास झोप आणि मनाला दहापैकी किती गुण. चार-पाच वेळा घाम आलेल्या रात्रीनंतरचे दोन दिवस हमखास दोन-तीन गुणांचे होते. वही मानसोपचारतज्ज्ञांसमोर ठेवली आणि स्त्रीरोगतज्ज्ञांसाठी पत्र मागितलं. नुसतं 'तपासावे' असं नको, स्पष्ट लिहा म्हटलं. त्यांनी लिहिलं: आजार स्थिर आहे, हार्मोन उपचारांना माझी हरकत नाही, डिप्रेशनच्या गोळ्या मला विचारल्याशिवाय देऊ नयेत. खाली स्वतःचा फोन नंबर.

ते पत्र घेऊन मी दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. जे अकरा महिने अडलं होतं, ते त्या एका फोनवर ठरलं. त्वचेवर लावायची इस्ट्रोजेनची पट्टी आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या रक्षणासाठी रात्री प्रोजेस्टेरॉन. प्रोजेस्टेरॉनने काहीजणींचं मन उतरतं, म्हणून पहिले दोन महिने दर आठवड्याला कळवायचं ठरलं. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर हा उपचार सहसा देत नाहीत. मला चालला. चौथ्या आठवड्यात मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपले. सकाळी उठून आधी अभ्र्याला हात लावून पाहिला. कोरडा होता.

आठवलं म्हणून सांगते, लिथियमची पातळी तपासायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं असतं. लॅमोट्रिजीन (बायपोलरचीच आणखी एक गोळी) घेत असाल तर इस्ट्रोजेन सुरू करताना सांगा, कारण त्याने तिचं रक्तातलं प्रमाण घटू शकतं. रिस्पेरिडोनसारख्या काही मानसिक आजारांच्या औषधांनी पाळी तशीही बंद होऊ शकते, तेव्हा ती रजोनिवृत्तीच आहे असं धरून चालू नका. आणि कितीही वैताग आला तरी चालू गोळ्या मनाने बंद करू नका. मधे एकदा माझ्याही मनात ते आलं होतं.

त्या पत्राची प्रत आता माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर आहे. फाइल उघडली की लिथियमच्या आधी ते वाचावं लागतं.