गोळी वाढवून द्या की

"सिस्टर, गोळी वाढवून द्या की. रात्रभर ओरडायलाय, मारून घ्यायलाय."

कणकुंबीकडच्या एका वाडीत मावशींनी दारातच सांगितलं. पोरगा पंचविशीचा, जन्मापासून बौद्धिक अपंगत्व, बोलणं दोन-चार शब्दांचं. फिटसाठी लहानपणापासून फेनिटॉइन चालू, शिवाय झोपेची गोळी.

घरात रेंज नाही, म्हणून शाळेच्या कट्ट्यावर गेलो. धारवाडहून मानसोपचाराच्या म्याडम व्हिडिओवर आल्या. गोळीचं नावच नाही! झोप कधीपासून बिघडली, शौचाला होतं का, कान वाहतो का, हेच विचारत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्याला काहीतरी खायला द्या, बघू दे मला."

मावशींनी भाकरीचा तुकडा दिला. त्यानं तो डाव्या गालात सारला, मान वाकडी करून चघळला आणि मध्येच तळहाताच्या बुडानं उजव्या जबड्यावर दणका हाणला. परत घास, परत दणका, तिथंच.

"टॉर्च लावा, तोंड बघा."

तो कुठला आ करतोय! तेवढ्यात कॉलही तुटला. शेवटी मावशींनी समोर बसून खोटी जांभई दिली, तशी त्यालाही आली. हिरड्या सुजून दातांवर चढलेल्या. वर्षानुवर्षं फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या अशा वाढतात. त्यांच्याआड उजवी दाढ काळी, पोखरलेली, कडेला पू.

अशा पोरांचं सगळं दुखणं खुळेपणाच्या खात्यात जमा होतं. बद्धकोष्ठ असो, कान असो, सांगता येत नाही म्हणून पोर आपटून घेतं आणि घरचे अमावास्या मोजतात. 2022 पासून टेली-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या फोन सेवेचा, 14416 नंबर आहे, चांगलंच आहे. पण फोनवरून दाढ दिसत नाही. पलीकडे डॉक्टर कितीही हुशार असू दे, अलीकडे टॉर्च धरणारं कुणीतरी लागतंच.

म्याडमनी दुखण्यावर पॅरासिटामॉल सांगितलं आणि बेळगावच्या दातांच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. तिथं भूल देऊन दाढ काढली. जखम भरली तसं मारून घेणं थांबलं. झोप अजून पुरती रुळलेली नाही.

आता फिटचं औषध बदलायचं चाललंय, तेही हळूहळू. एकदम बंद केलं तर फिटवर फिट येतील, हे मावशींना प्रत्येक कॉलला सांगावं लागतं. त्यांचं लक्ष दुसरीकडेच.

"आणि झोपेची गोळी वो, म्याडम?"

"ती कमी करायची आहे, मावशी."

मावशींना काही ते पटलेलं नाही.