केर भरी चक्रपाणी

सकाळी रिक्षा स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं की आपल्याकडे कामाची सुरुवात किती भाविक असते ते दिसतं. एकजण हँडलला हात लावून तो कपाळाला नेतो, दुसरा काचेमागच्या इवल्याशा गणपतीला उदबत्ती ओवाळतो. पलीकडचा वाणी शटर वर करून उंबऱ्याला वाकतो आणि बोहनीची नोट डोळ्यांना लावूनच गल्ल्यात टाकतो. खंडेनवमीला तर ऑफिसातल्या कॉम्प्युटरांनाही झेंडूचे हार पडतात, आणि की-बोर्डच्या फटीतलं कुंकू पार दिवाळीपर्यंत बोटांना लागत राहतं.

याच वाण्याला रात्री शटर ओढताना बघावं. कुलूप लावतो, हिसडा देऊन बघतो, चार पावलं जातो, परत येऊन पुन्हा हिसडा देतो. जाताजाता नमस्कारही करतो, पण जीव सगळा कुलपात. दिवसभराचं दुकान त्याच्यामागोमाग घरी जात असणार. मी हिशेबाचं काम करते, त्यामुळे मला ते ओळखू येतं. लॅपटॉप मिटला तरी न जुळलेली रक्कम पोळ्या लाटताना पोळपाटापर्यंत येते.

काम सुरू करताना देव सहज आठवतो, कारण तेव्हा त्याच्याकडून काहीतरी हवं असतं. काम संपल्यावर मागायचं काही उरत नाही, फक्त देऊन टाकायचं असतं. गाडी तिथेच अडते.

लहानपणी आजोबांची पूजा संपायची वाट बघत आम्ही पोरं ताटकळत बसायचो, कारण प्रसादाची वाटी समोर दिसत असायची. फुलं वाहून झाली, नैवेद्य दाखवून झाला, आरती झाली, तरी ते उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेत आणि ‘अनेन कृतपूजनेन’ असं काहीसं पुटपुटत ताम्हनात सोडत. ‘श्रीकृष्णार्पणमस्तु’ झालं की मग आमची सुटका. सगळं देऊन झाल्यावर हा माणूस आता आणखी काय देतोय, हे मला कळत नसे. उरलेली असते ती खुद्द पूजा, ‘मी केली’ म्हणून मिरवता येईल अशी. तीही हातावेगळी करायची. त्या सुमारास एक श्लोकही म्हणतात, त्यात ‘न्यूनं सम्पूर्णतां याति’ असे शब्द येतात. जे कमी पडलं ते त्याच्या स्मरणाने भरून निघतं. चुकलंमाकलं आधीच गृहीत धरलेलं आहे, हे मला फार समजूतदारपणाचं वाटतं.

गीतेच्या नवव्या अध्यायात अर्जुनाला काय काय अर्पण कर म्हणून सांगितलंय, त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. ‘यत्करोषि यदश्नासि’, म्हणजे जे करतोस ते आणि जे खातोस ते. होमहवन, दान, तप यांचा नंबर त्यानंतर. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात तर ‘स्वकर्मकुसुमांची’ पूजा आहे, आपापल्या कामाचीच फुलं. सावता माळ्याला कांदा-मुळा-भाजीत विठाई दिसली, सेना न्हावी विवेकाचा आरसा दाखवतो आणि वैराग्याचा चिमटा हलवतो. जीएसटी रिटर्नवर अजून कोणी अभंग केलेला नाही, पण सेनाला हजामत चालली तर आम्हाला नाउमेद व्हायचं कारण नाही.

या सगळ्यांत मला जनाबाई जवळची. नामदेवांच्या घरची दासी. तिच्याबरोबर विठोबा दळू लागतो ही कथा सगळ्यांना ठाऊक असते. मला मात्र तिच्या झाडलोटीच्या अभंगाची ओढ जास्त आहे. ‘झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी.’ झाडायचं काम जनीचंच आहे, त्यातून तिची सुटका नाही. देव काय करतो, तर केर भरतो, पाटी डोक्यावर घेतो आणि लांब नेऊन टाकतो. कामानंतर आपल्याला झोपू न देणारा असतो तो हा केर. पाठवलेल्या पत्रातला खटकणारा शब्द, गिऱ्हाइकाशी चढलेला आवाज, साहेबांच्या कपाळावरची आठी. लोक देवाला उत्तम तेच द्यावं म्हणतात, आणि फुलाफळांच्या बाबतीत ते ठीकच आहे. कामाच्या बाबतीत मला वाटतं, आधी केराची पाटी द्यावी. चांगलं झालेलं काम उशाशी ठेवलं तरी झोप लागते.

यात एक खोच आहे. ‘काम हीच पूजा’ ही पाटी कुठे लावलेली असते आठवून बघा. बहुतेकदा हजेरीच्या मशीनच्या वर. ती लावणाऱ्याला आपण उशिरापर्यंत थांबावं एवढंच हवं असतं. कृष्णार्पण आणि साहेबार्पण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि चोखोबांचं नाव मनात आलं की खुर्चीत बसून कोणाला ‘आपलं काम देवाला वाहा’ सांगायची जीभ होत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं बांधकाम करताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. ज्या देवाचं नाव घेत राबले, त्याच्या देवळाची पायरी काही त्यांना ओलांडू दिलेली नव्हती. हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं असं सांगतात, आणि सांगताना सगळे गहिवरतात. मला त्या भिंतीचा रागच येतो. गोरोबांच्या पायाखाली चिखलात मूल तुडवलं गेल्याची गोष्टही मला कधी पचलेली नाही. इतकी तंद्री नको. ‘आधी प्रपंच करावा नेटका’ म्हणणाऱ्या समर्थांची बाजू मला इथे घ्यावीशी वाटते. नीट झाडायचं, आणि मगच पाटी पुढे करायची.

हे सगळ्यात चांगलं जमतं ते गौरीच्या दिवशी, स्वयंपाकघरात. सासूबाईंचा कडक नियम आहे, नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही. पुरण, कटाची आमटी, पंचामृत, पाच-सहा भाज्या, आणि मीठ सगळ्यात अंदाजाने. एरवी मी आमटी तीनतीनदा चाखते. त्या दिवशी कढईत डाव फिरवत वास घ्यायचा, रंग बघायचा, आणि पुढे विश्वास. पान वाढलं, तुळशीपत्र ठेवलं, पाणी फिरवलं, की आमटी आपल्या हातातून गेली. ऑफिसात ही सोय नाही, तिथे ऑडिटर चाखतोच. पण सासरे, जे रोज वाटी पुढे सरकवून ‘आज घाईत होतात का?’ असं विचारतात, ते गौरीच्या पंगतीत डाव्या बाजूचं मीठ चिमटीने गुपचूप आमटीत टाकतात आणि आणखी एक वाटी मागून घेतात.