पिंगुळी: चित्रकथी बघायला जाणाऱ्यांसाठी आणि त्यावर लिहिणाऱ्यांसाठी

चित्रकथी म्हणजे एकेक चित्र दाखवत गाऊन सांगितलेली कथा. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाचे कलावंत ती जपून आहेत. मुंबईहून निघणार असाल तर रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी धरा आणि सकाळी कुडाळला उतरा. गणपतीच्या आणि शिमग्याच्या दिवसांत मात्र आरक्षणाची आशा धरू नका. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याला नुसतं ‘पिंगुळी’ म्हटलंत तर तो तुम्हाला राऊळ महाराजांच्या मठापाशी सोडेल, कारण बाहेरगावचे बरेचसे लोक तिथेच जातात. ‘गुढीपूर, ठाकर आदिवासी कला आंगण’ असं नीट सांगा. आदल्या दिवशी फोन करून गेलात तर उत्तम. खेळ लावायचा म्हणजे वादक साथीदार गोळा करावे लागतात, ते काही बटण दाबून होत नाही.

इथलेच कलावंत परशुराम गंगावणे यांनी घरच्या गोठ्यात कला आंगण हे संग्रहालय उभं केलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. आत कळसूत्री बाहुल्या आहेत, चामड्याच्या बाहुल्या आहेत, पण मी रेंगाळलो चित्रकथीच्या पोथीपाशी. एका आख्यानाची एक पोथी, म्हणजे सुट्या चित्रांचा गठ्ठा. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. चेहरे बाजूने काढलेले, डोळे टपोरे, आणि पात्रं एकमेकांकडे रोखून बघणारी. खाली मान घालून चित्रं बघत बसलात तर काहीच कळत नाही. वीणा, हुडूक (हातात धरायचं छोटं चर्मवाद्य) आणि टाळ सुरू झाले, कथेकरी गाऊ लागला आणि एकेक पान समोर आलं की मग ती पात्रं भांडायला लागतात. गाण्यात प्रसंग पुढे सरकतो आणि पान तिथेच थांबतं, तेव्हा आपण त्याच चित्रात नवं काहीतरी शोधू लागतो. पानांचे कोपरे हाताळून काळवंडलेत. मला तर चित्रापेक्षा ते कोपरेच जास्त वाचावेसे वाटले.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही अशी चित्रं आहेत. ‘पैठण शैली’ म्हणून ती प्रसिद्ध झाली. जुना अभ्यास बराचसा याच वाटेने गेला: शैली कुठली, काळ कुठला, कोणत्या घराण्याचा आश्रय. ते काम गरजेचं होतं, पण त्यात कथेकरी कुठेच नव्हता. २००३ साली युनेस्कोचा अमूर्त वारशाचा, म्हणजे वस्तूंऐवजी कला, प्रथा आणि परंपरा जपण्याचा करार झाला, भारताने २००५ मध्ये तो मान्य केला, आणि वस्तूपेक्षा प्रथा, प्रथेपेक्षा ती जपणारी माणसं असा प्रश्नांचा रोख वळत गेला. २०१५ मध्ये युनेस्कोने नीतितत्त्वंही ठरवली. त्यात समाजाची पूर्वसंमती ठळकपणे आहे. आपल्याकडे गी पॉइट्वँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्याही गाणारणीच्या नावा-गावानिशी. मला तो कित्ता कराराच्या कलमांपेक्षा जवळचा वाटतो.

हल्लीचा रोख उपजीविका, मालकी आणि डिजिटल नोंदी यांच्याकडे आहे. चांगलंच आहे. तरी ‘लोप पावत चाललेली कला’ असं शीर्षकातच लिहून मोकळे होणारे निबंध अजून येतात. समोर माणूस गातोय आणि आपण त्याच्या कलेची तेराव्याची तयारी करतोय, हे जरा अतीच.

एक गोष्ट मात्र लिहिणाऱ्यांनी गंभीरपणे घ्यावी. ठाकर अनुसूचित जमातीत मोडतात, आणि जातपडताळणीत चालीरीतींची विचारपूस होते, तिला आप्तभाव चाचणी म्हणतात. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने ठाकूर जमातीच्या प्रकरणात २०२३ साली म्हटलं. तरी ती विचारपूस थांबलेली नाही. म्हणजे तुम्ही हौसेने लिहिलेलं ‘यांच्यात अमुक प्रथा आता उरली नाही’ हे वाक्य उद्या कुणाच्या तरी दाखल्याच्या फाइलीत जाऊन बसू शकतं. एका माणसाकडून ऐकलं असेल तर एका माणसाकडून ऐकलं, असंच लिहा. शिवकाळात इथले कलावंत बातम्या काढायचे, असं सांगितलं जातं. त्याचा कागद शोधत बसण्यापेक्षा ही आठवण कोण, कुणापुढे आणि कधी सांगतं ते टिपा. हाती जास्त लागेल.

मानधन आधी ठरवा आणि ‘आम्ही विद्यार्थी आहोत’ ही सबब घरी ठेवून या. ध्वनिमुद्रण करण्याआधी विचारा. फोटो काढणं आणि यूट्यूबवर टाकणं या दोन वेगळ्या परवानग्या आहेत. मुद्रणाची प्रत आठवणीने त्यांना पाठवा. पेन ड्राइव्हपेक्षा घरातल्या तरुण मुलाच्या मोबाइलवर पाठवलेली बरी, ती लगेच बघितली जाते. एखादं छोटं चित्र विकत घेतलंत तर घासाघीस नको.

वेळ असेल तर दुसऱ्या दिवशी सावंतवाडीला जा. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, रंगवताना बघायला मिळतात. दशावतारी गंजिफेची पानं १२०, प्रत्येक अवताराची बारा. चित्रकथीला आधार होता तो याच सावंतवाडी संस्थानाचा, त्यामुळे दोन्ही लागोपाठ बघितलेलं चांगलं. आणि तुळशीच्या लग्नानंतर गेलात तर आसपासच्या कुठल्यातरी जत्रेत दशावतारी नाटक असणारच. ते रात्री उशिरा उभं राहतं आणि उजाडेपर्यंत चालतं, म्हणून परतीचं आरक्षण सकाळचं करू नका, रात्रीच्या गाडीचं करा.