हप्ते फिटले, आरसीवरचा बोजा उतरेना

आमच्या पिकअपच्या आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, कर्जाचा बोजा म्हणून फायनान्स कंपनीचं नाव होतं, आणि सगळे हप्ते फिटल्यावरही ते जायचं नाव घेईना. राग अजून शमलेला नाही, म्हणून हे लिहितोय. इंदूरमध्ये किंवा कुठेही कुणाची गाडी कर्जावर असेल तर उपयोगी पडेल.

मी बोअरवेलचे केसिंग पाइप विकतो. माल सांवेर, देपालपूर, हातोदकडच्या खेड्यांत पोचवायचा असतो. तेराशे किलो माल वाहणारी गाडी धंद्याला अपुरी पडायला लागली होती. लोक सांगतात, मागे दोन कमानपाटे वाढव आणि भर बिनधास्त. पाटे वाढवून गाडी बसत नाही हे खरं, पण आरसीवरचं वजन त्याने वाढत नाही. जादा भारासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये. शिवाय रिकामी गाडी खड्ड्यात अशी उडते की ड्रायव्हर नोकरी सोडून जाईल. म्हणून जुनी विकून सतराशे किलोची घ्यायची ठरवली. देपालपूरच्या एका गिऱ्हाइकाने इसारही दिला. मात्र आरसीवर बोजा असताना फायनान्सरच्या संमतीशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही.

बोजा उतरवायला लागतं काय? कर्ज फिटल्याची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि फायनान्सरच्या सहीशिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे कर्जाचा करार संपल्याचं आरटीओला कळवायचा फॉर्म. बस. ऑनलाइन अर्ज, चेसिस नंबरचे शेवटचे आकडे, ओटीपी, फी, हे सगळं चहा थंड व्हायच्या आत झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

अडलं ते फायनान्स कंपनीत. कंपनीचं नाव घेत नाही. शाखेत गेलो तर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, सिस्टम में लोन क्लोज नहीं दिख रहा." का दिसत नाही? तर कधीकाळच्या एका हप्त्याचा बाउन्स चार्ज आणि त्यावरचा जीएसटी बाकी. मी म्हटलं, मग तो गेल्या वर्षीच्या स्टेटमेंटमध्ये का नाही? त्यावर ठरलेलं उत्तर, "हेड ऑफिस से पूछना पड़ेगा." मी तिथेच बसून चार्जचा तपशील लेखी मागितला. लेखी मागितल्याबरोबर तो चार्ज गायब झाला! फोनवर भांडून काही होत नाही, कागद मागितला की हिशोब आपोआप नीट होतो.

मग पोस्टाने एनओसी आली. नायता मुंडल्याच्या आरटीओत गेलो. तिथल्या बाबूने कागद हातात घेतला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाला, "ये तो दूसरी कंपनी है." त्याचं बरोबर होतं. ज्या कंपनीने कर्ज दिलं ती मध्येच दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. आरसीवर जुनं नाव, एनओसीवर नवं, आणि दोघांचा संबंध सांगणारा एकही कागद माझ्याकडे नाही. विलीनीकरणाच्या आदेशाची प्रत आणि 'पूर्वीची अमुक कंपनी' असा स्पष्ट उल्लेख असलेली नवी एनओसी आण, असं त्याने नीट समजावून सांगितलं. त्याच्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार शाखेबद्दल आहे. विलीनीकरण हा शब्द तिथे कुणी ऐकलाच नव्हता. एक जण म्हणे, मुंबईला मेल करा. मुंबईहून उत्तर, शाखेशी संपर्क साधा. शाखेतला आता म्हणे, "आप ही की गाड़ी में प्रॉब्लम आ रही है, बाकी सबका हो जाता है." इकडे देपालपूरवाला रोज फोन करून इसार परत मागायच्या गोष्टी करत होता, आणि नवी गाडी बुक केलेल्या डीलरचा वेगळा तगादा.

आमच्या लोकमान्य नगरातले एक काका बँकेतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "अरे, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद दिले नाहीत तर रोजचे ५,००० माग!" मला हुरूप आला. घरी येऊन ते २०२३ चं परिपत्रक वाचलं. ते वैयक्तिक कर्जांसाठी आहे. त्यात वाहनकर्ज येतं, पण व्यवसायासाठी घेतलेलं येत नाही. माझी गाडी पिवळ्या पाटीची. म्हणजे घरी मिरवायला कार घेतली असती तर संरक्षण, आणि पोटासाठी माल वाहणाऱ्या गाडीला ठेंगा. काकांना वाचून दाखवलं, तेही गप्प झाले.

शेवटी उपयोगी पडला तो शाखेतला एक बोर्ड. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क शाखेत दिसेल असा लावणं अशा कंपन्यांना बंधनकारक आहे. इथे तो पाण्याच्या मशीनमागे होता. मी फोटो काढला आणि त्या अधिकाऱ्याला मेल केला: कर्ज खाते क्रमांक, गाडीचा नंबर, आरसीवरचं नाव, एनओसीवरचं नाव, काय हवंय ते दोन ओळींत. खाली लिहिलं की ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे त्यांच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर जाईन. ती तक्रार फुकट असते, वकील लागत नाही. पण आधी कंपनीकडे लेखी तक्रार केलेली असलीच पाहिजे, थेट गेलात तर परत पाठवतात. तिथवर जायची वेळ आली नाही. कागद आले, सही-शिक्क्यासकट, आणि ज्या मुलाला सिस्टममध्ये काही दिसत नव्हतं त्यानेच हसत फोन केला, "सर, आपका काम हो गया, रेटिंग दे देना." मी रेटिंग दिलं नाही.

मध्येच आठवलं: अर्ज करण्याआधी गाडीवर ई-चलन किंवा टॅक्स थकलेला नाही ना बघा, त्यावरून काम अडतं. आणि शेवटचा हप्ता जायच्या आधीच आरसीवरचं नाव आणि ज्या कंपनीला पैसे जातात तिचं नाव जुळतंय का ते ताडून घ्या. फॉर्म ३५ दोन प्रतींत लागतो, दोन्हींवर सही हवी, झेरॉक्स चालत नाही.

बोजा उतरला की विमा कंपनीलाही कळवायचं. पॉलिसीवर फायनान्सरचं नाव तसंच राहिलं आणि उद्या गाडी पार मोडली किंवा चोरीला गेली, तर क्लेमचे पैसे मिळताना पुन्हा त्याच कंपनीचा कागद मागतील. मला ही नोंद डीलरकडच्या मुलीने सांगितली. खात्यातून हप्ता आपोआप कापायला बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे मॅन्डेट, तोही आपण होऊन रद्द करून घ्या. मी केलाय, आणि त्याची पावती फाइलीत लावलीय.