पोटापायी मान

मराठीत मान दोन आहेत. एक तो मान, लग्नात व्याह्यांना द्यायचा, आणि एक ती मान, जी गेल्या महिन्यात माझी आखडली. सत्तेचाळिशीपर्यंत पहिला मिळेल अशी आशा होती, मिळालं पोट.

भाच्याच्या मुंजीचे फोटो आले आणि त्यात सोवळं नेसलेला मामा बाजूने असा काही दिसत होता की बायकोने तो फोटो न बोलता पुढे सरकवला. ते न बोलणं लागलं. त्याच रात्री मोबाईलवर एका पोऱ्याचा व्हिडिओ पाहिला, त्याचं पोट म्हणजे अगदी लादीपाव, सहाच्या सहा पाव वेगळे मोजता येतील असं. आमच्याकडे मुरत ठेवलेली कणीक. सकाळी टीपॉय भिंतीला लावला, सतरंजी टाकली, डोक्यामागे दोन्ही हातांची घट्ट जुडी केली आणि विहिरीतून कळशी ओढावी तसं डोकं ओढत तीस क्रंचेस (उताणं पडून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) मारले. पहिल्याच दिवशी तीस! पोटाला काहीच झालं नाही, म्हटलं आपण तर तयारच आहोत की.

दुसऱ्या दिवशी मान वळेना. स्कूटरवर उजवीकडे बघायचं तर कमरेपासून अख्खं वळायला लागायचं, आणि ऑफिसात तर वेगळीच गंमत, आखडलेल्या मानेने हो म्हणता येतं पण नाही म्हणता येत नाही, त्यामुळे त्या आठवड्यात दोन जास्तीची कामं गळ्यात पडली. आई म्हणाली, "लोक पोटासाठी मान खाली घालतात, तू मोडूनच घेतलीस."

शेवटी गल्लीतल्या फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे गेलो. त्यांनी हाताला मुंग्या येतात का, चक्कर येते का विचारलं, मी नाही म्हटलं (तोंडाने), मग म्हणाल्या बरं वाटलं की या आणि करून दाखवा कसं करता ते. चार दिवसांनी जाऊन एक क्रंच मारला. त्या म्हणाल्या, "थांबा. तुम्ही व्यायाम करताय हे तुमच्या पोटाला अजून कळलेलंच नाहीये."

मग त्यांनी जे सांगितलं ते इतकं साधं होतं की लाज वाटली. तो लादीपाववाला स्नायू म्हणजे पोटावरून जाणारा एक उभा पट्टा, वरचं टोक बरगड्यांना आणि खालचं ओटीपोटाच्या तळाच्या हाडाला. डोक्याशी त्याचं काही नातंच नाही! तुम्ही डोकं छातीला टेकवा नाहीतर गुडघ्याला, जोपर्यंत बरगड्या खाली सरकत नाहीत तोपर्यंत पोटाला फारसं काम पडतच नाही. आणि डोकं भरतं साडेचार-पाच किलो, म्हणजे कणकेची मोठी पिशवी. ती मानेच्या सात छोट्या मणक्यांवर तोललेली असते, आणि मी तिला मागून हिसके देत होतो.

यात मानेचा दोष नाही हो. प्रत्येक घरात एक काकू असते बघा, पंगतीत कुणी नुसतं ताक म्हणायचा अवकाश की ही उठलीच. काम तिचं नसतं, तिला कुणी सांगितलेलंही नसतं, पण ती उठते म्हणून बाकीचे चौघे पाटावर ढिम्म बसून राहतात आणि रात्री कंबर धरून तीच बसते. मान ही ती काकू आहे. तिला आधी खाली बसवायचं, मग पोट आपोआप उठतं, खरं तर कुरकुरत उठतं.

बसवायचं कसं तर मोसंब्याने. मॅडम म्हणाल्या हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये एक मोसंबं आहे असं धरा, ते चिरडायचं नाही आणि पाडायचं नाही. मी समजा-बिमजाच्या भानगडीत न पडता फ्रिजमधलं खरं मोसंबं घेतलं. हातांची जुडी बंद, बोटं नुसती कानांपाशी, कोपरं बाहेर. तरी हात ओढायला लागलेच तर पंचा उभा अंथरून त्यावर आडवं व्हायचं, वरची दोन टोकं धरायची आणि डोकं झोळीतल्या बाळासारखं त्यात सोडून द्यायचं. उठताना बशीतल्या गरम चहावर मारावी तशी फुंकर मारत श्वास सोडायचा, खांद्यांच्या पाती सतरंजीवरून सुटल्या की बास, तिथून हळूहळू परत. असे आठच केले आणि पोट आयुष्यात पहिल्यांदा म्हणालं, अरे मला का उठवताय!

शाळेत पीटीला आपण जे करायचो, म्हणजे पायावर मित्र बसवून पार गुडघ्यापर्यंत उठायचं, त्यात वरच्या अर्ध्या प्रवासात पोटापेक्षा मांडी-जांघेचे स्नायूच जास्त राबतात असं मॅडमकडूनच कळलं. (सिट-अप्सला उठाबशा म्हणू नका, उठाबशा म्हणजे कान धरून, आणि त्या आम्ही वेगळ्या केल्या.) अमेरिकन लष्कराच्या चाचणीत १९८० पासून दोन मिनिटं सिट-अप्स असायचे, २०२२ ला नवी चाचणी लागू झाली त्यात सिट-अप्स गेले, प्लँक आला, म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं ताठ धरायचं. एवढं मोठं लष्कर बदललं तर मी का नको. प्लँकमध्येही काकू येतेच म्हणा, समोर टीव्हीकडे बघितलं की मान लागलीच, नजर खाली दोन हातांच्या मधल्या फरशीवर पाहिजे.

पण माझा लाडका प्रकार वेगळा. उताणं पडायचं, हात छताकडे, गुडघे काटकोनात वर, आणि उजवा हात डोक्यामागे नेताना डावा पाय लांब करत खाली, मग उलट. डोकं पूर्ण वेळ जमिनीवर, मान झोपलेली, फक्त कमरेखाली हात शिरेल इतकी फट पडू द्यायची नाही. ऐकायला सोपं वाटतं, चौथ्या वेळेला पोट ताटलीतल्या खरवसासारखं थरथरतं. आई केर काढत आली, झाडू हातात तसाच, मला बघून म्हणाली, "फवारा मारल्यावर झुरळ अगदी अस्संच करतं." म्हटलं आई, इंग्रजीत त्याचं नावच मेलेला किडा आहे. तिला फार आनंद झाला.

आणखी एक आहे, कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या स्टुअर्ट मॅकगिल यांचा, माणसाने पाठीच्या कण्यावर अनेक वर्षं काम केलंय. एक पाय सरळ, एक गुडघा वाकवलेला, तळहात कमरेच्या पोकळीखाली, आणि डोकं-खांदे मिळून कागद सरकेल एवढेच उचलायचे, आठ-दहा सेकंद तसंच. बाहेरून काहीच दिसत नाही. बायको दारात उभं राहून म्हणाली, "करतोयस कधी?" मी म्हटलं, "झालं."

वाईट बातमीही मॅडमनी लगेच देऊन टाकली, पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी जाते असं काही नसतं. हे मुंजीच्या फोटोआधी सांगायला हवं होतं कुणीतरी. पण आता सिलेंडर सरकवताना कमरेत कळ येत नाही, आणि खालून घर बघायची सवय लागलीये. पंख्याच्या पात्यांवर उभ्याने न दिसणारी राखाडी झालर आहे, सोफ्याखाली दोन वर्षं हरवलेला कॅरमचा स्ट्रायकर आहे.

तो सापडला मोसंब्यामुळे. परवा सातव्याला हनुवटी सुटली, मोसंबं घरंगळत थेट सोफ्याखाली, मी पालथा होऊन दोन्ही वस्तू बाहेर काढल्या. आईने मोसंबं पदराला पुसलं, सोललं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"गळ्याशी धरून काय होणारे त्याचं," म्हणाली, "पोटात घाल."