जुने इंजिन, फिरता कॅम : आमची वाटचाल

अल्फा रोमिओने १९८० साली स्पायडर गाडीमध्ये बदलते व्हॉल्व्ह टायमिंग, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ चालता चालता पुढेमागे करण्याची सोय, आणली आणि त्याच धर्तीचे होंडाचे व्हीटेक १९८९ साली बाजारात आले. आम्ही मात्र या सुखाला मुकलेल्या गाड्यांवर पोट भरायचे ठरवले. माझदा एमएक्स-५ चे २००१ ते २००५ चे, ही सोय असलेले हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) त्याच गाडीच्या जुन्या १.८ लिटर ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडरांच्या खालच्या भागावर, बसवणे, हे आमचे पहिले काम. हेड बसते, खरी डोकेदुखी फेजरला, म्हणजे तेलाच्या दाबाने कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) पुढेमागे फिरवणाऱ्या भागाला, तेल पोहोचवण्याची असते, कारण जुन्या ब्लॉकमध्ये ती वाटच नसते. माझ्या भागीदाराने ब्लॉकवरच्या तेलाच्या प्रेशर स्विचच्या जागेतून फाटा काढणारा अडॅप्टर लेथवर घडवला. त्याच्या आट्यांवरून बोट फिरवले तर कुठेही कुसळ लागत नसे.

तिसऱ्या वर्षी आम्ही जवळजवळ बुडालो. एका ग्राहकाचे हेड प्लेन केलेले, म्हणजे खालून घासून पातळ केलेले होते आणि कॅम जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह अधिक खोल उघडणारे होते. व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांतले अंतर पाहण्यासाठी आम्ही पिस्टनवर माती ठेवून क्रँक हाताने फिरवला, डायल गेजनेही माप पडताळले आणि समाधान मानले. पण बंद इंजिनात इनटेकचा, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा, फेजर पिनने अडकून सर्वांत मागच्या, व्हॉल्व्ह उशिरा उघडणाऱ्या स्थितीत असतो, आणि आम्ही मापले ते तिथेच. तेलाचा दाब आल्यावर कॅम वीस अंश, म्हणजे क्रँकच्या हिशोबाने चाळीस अंश, पुढे गेला. इनटेक व्हॉल्व्ह तितके आधी उघडून वर येणाऱ्या पिस्टनवर आपटले. चार व्हॉल्व्ह वाकले. चूक निखालस आमची होती, हे मी आजही मान्य करतो.

मान्य होत नाही ते पुढचे. आमच्याकडेच काम शिकून वेगळा झालेला एक जण त्या वाकलेल्या व्हॉल्व्हचे छायाचित्र आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवत फिरला, आणि विकत मात्र होता आमच्याच अडॅप्टरची नक्कल. त्या वर्षी आमच्याकडे मोजून दोन इंजिने आली. भागीदाराने मिलिंग मशीन विकून देणी फेडली आणि दुसरीकडे नोकरी धरली; सुटीच्या दिवशी मात्र तो न बोलावता येऊन लेथवर बसे.

ज्याचे व्हॉल्व्ह वाकले होते, तोच ग्राहक इंजिन पुन्हा घेऊन आला. “चूक कुठे झाली ते आता तुम्हालाच ठाऊक आहे, दुसऱ्याकडे कशाला नेऊ?” एवढेच तो म्हणाला. या वेळी पिन सोडवून फेजर पूर्ण पुढे नेऊन बांधला, क्रँकचे अंश मोजणारे डिग्री व्हील लावले आणि माती पुन्हा दाबली. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने माप दोन्ही टोकांना घ्यावे, आणि तेलाची नळी जोडण्यापूर्वी ब्लॉक धुवावा, मग कोणी घाई करो वा न करो.

त्यानंतरची वर्षे कामात गेली. त्यांत सांगण्यासारखे काही नाही. अलीकडे मात्र त्या नक्कल करणाऱ्याने बसवलेले एक इंजिन आमच्याकडे आले. फेजर अडकत होता. फेजरचे तेल सोडणारा सोलेनॉइड उघडला, तर त्याच्या जाळीवर ड्रिलचा कीस चमकत होता. सगळे धुऊन जोडले, बिल नेहमीचेच लावले, आणि ती जाळी तशीच कागदात गुंडाळून ग्राहकाच्या हातात दिली.